अण्णांची टीम आणि आमचा मेळावा

दिवाळी झाली, हंगाम तोंडावर आला की एखाद्या रविवारी आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा मेळावा असतो. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी आहेत, आणि आमच्या तालमीत तरी आता कुस्तीच्या हौद्यापेक्षा किटची कपाटंच जास्त जागा अडवतात. लाल मातीतली पोरं फुटबॉलच्या मागं कधी लागली यावर मेळाव्यात दरवर्षी नवं मत ऐकायला मिळतं. १९४० साली केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, स्थापन झाली. पेठांतला फुटबॉल त्याहून जुना, एवढ्यावर मात्र कुणाचं दुमत नसतं.

दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, फेटे, प्रास्ताविक हे सगळं रीतसर होतं. प्रास्ताविक माझ्याकडेच असतं, तेव्हा त्याबद्दल न बोललेलं बरं. प्रमुख पाहुणे उशिरा येतात, खेळानं अंगी शिस्त येते असं सांगतात आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून जातात. त्यांच्याबरोबर आलेली माणसं उठली की पुढच्या दोन रांगा मोकळ्या होतात, मागं उभी असलेली पोरं तिथं येऊन बसतात आणि कुणीतरी ओरडतं, "अण्णा, चला आता!"

अण्णा आमचे जुने गोली. माईक त्यांना लागत नाही. शाहू स्टेडियमवर गोलात उभं राहून सेंटर फॉरवर्डला शिव्या घातलेला तो आवाज आहे. साउंडवाल्याला हे माहीत असल्यामुळे तो आधीच बटण खाली करून ठेवतो. भाषणाची सुरुवात दरवेळी बॉलपासून होते. तेव्हाचा बॉल चामड्याचा, आत रबरी ब्लॅडर, वर वादीनं आवळलेलं तोंड. पावसात भिजला की वजनाला असा व्हायचा की गोलकिक अर्ध्या मैदानापर्यंत गेली तरी टाळ्या पडायच्या. हेड मारताना नेमकी वादी कपाळावर बसली तर दोन दिवस वळ राहायचा. बूट मिळायच्या आधी अण्णा घोट्याला पट्ट्या गुंडाळून अनवाणी खेळले, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं हे सांगताना ते थेट १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला पोचतात. भारत फ्रान्सकडून २-१ असा हरला तेव्हा आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, आणि त्या सामन्यात आपण दोन पेनल्टी वाया घालवल्या. "ऑलिंपिकमधी दोन हुकल्या. मग आपल्या पोराची एक हुकली म्हणून त्याच्या घरावर जाऊन बोंब मारायची व्हय रं?" हे वाक्य ज्यांच्यासाठी असतं ते मान खाली घालून हसतात. नावं इथं लिहीत नाही.

मग येते ती टीम. यासाठीच मी दरवर्षी बसतो.

दोन फुलबॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड ही जुनी रचना. अण्णा स्वतःपासून सुरू करतात आणि राईट बॅक, लेफ्ट बॅक असं एकेक नाव घेत लेफ्ट आउटपर्यंत, म्हणजे डाव्या कडेच्या फॉरवर्डपर्यंत, जातात. नावाबरोबर धंदा: कोण एसटीत, कोण सराफाच्या पेढीवर, कोण फौंड्रीत. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, आता अमक्यांच्या आत्म्यास शांती वगैरे होणार. तसलं काही होत नाही. अण्णा हयात आणि गेलेले असा भेदच करत नाहीत. सगळ्यांच्या चुका काढतात. राईट हाफ एकदा पुढं गेला की परत यायचाच नाही. सेंटर हाफ दमला की लेस बांधायला खाली बसायचा. लेफ्ट आउट जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण अण्णांचा राग उतरलेला नाही: "बॉल सोडायचाच न्हाई! कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत नेणार आणि तिथं जाऊन पडणार!" पहिल्या रांगेत त्या लेफ्ट आउटच्या घरच्या वहिनी बसलेल्या असतात. त्या पदर तोंडाला लावून हसतात आणि म्हणतात, "घरीबी तसंच होतं, भावजी." हे दरवर्षी ठरल्यासारखं होतं, आणि दरवर्षी मला चष्मा पुसायला लागतो.

आता हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी होते, मानधन ठरतं, बाहेरगावचे खेळाडू येतात; नायजेरियाची पोरंही आमच्या रंगात खेळून गेली. अण्णांच्या पिढीला सामन्यानंतर चहा-भजी मिळाली तरी खूप, त्यामुळे पैशाचा विषय निघाला की ज्येष्ठ मंडळींची तोंडं वाकडी होतात. मला ते पटत नाही. एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून सकाळी सरावाला येणाऱ्या पोराला चार पैसे मिळाले तर बिघडलं कुठं? नायजेरियाच्या पोरांपैकी एकजण मेळाव्याला बसला होता. भाषणातलं त्याला किती कळलं देव जाणे, पण 'लेफ्ट आउट' ऐकताच तो मोठ्यानं हसला. तोही लेफ्टलाच खेळायचा.

हजेरीबद्दल बोललं नाही तर मला झोप लागायची नाही. दोन पेठांची टक्कर असली की भर उन्हात गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते, गाड्यांवर झेंडे, गळ्यात मफलर. मेळाव्याला मात्र त्यातले निम्मे 'घरी पाहुणे' म्हणून गायब. २०१७ ला आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव अंडर-१७ विश्वचषकात भारताकडून खेळला, त्या वर्षी खुर्च्या शेजारच्या शाळेतून आणाव्या लागल्या होत्या. तो काही आमच्या तालमीचा नव्हे, पण तेव्हा सगळी पेठ त्याला भाचा म्हणत होती. त्याउलट २०१९ च्या महापुरानंतरचा मेळावा. फेटे नाहीत, जेवण नाही. ज्या पोरांनी पुराच्या पाण्यातून माणसं आणि जनावरं बाहेर काढली त्यांना नुसतं उभं करून टाळ्या. त्या दिवशी आलेली माणसं बोटावर मोजण्यासारखी होती. कोण नव्हतं ते माझ्या वहीत आहे.

आभार मानताना दरवर्षी कुणीतरी रुसतं, म्हणून इथं सविस्तर लिहितो. मांडववाले, जे लीग संपेपर्यंत बिलाचं नाव काढत नाहीत. साउंडवाले. पहाटे सरावाच्या मैदानावर फक्की मारणारे मामा. बुटांचे तळ शिवून देणारे कोपऱ्यावरचे काका. अख्ख्या टीमच्या जर्सी धुणाऱ्या मावशी, ज्यांनी रंग उतरू दिला नाही. पोरगं लंगडायला लागलं की मीटर न टाकता दवाखान्यात नेणारे रिक्षावाले दादा, आणि तिथं रात्री-अपरात्री दार उघडणाऱ्या डॉक्टर ताई. बर्फ देणारे. नायजेरियाच्या पोरांना भाकरी चुरून खायला शिकवणाऱ्या वहिनी. निकाल आणि फोटो पेपरच्या ऑफिसात पोचवणारा आमचा सहचिटणीस. फ्लेक्स बांधायला खांबावर चढणारी दोन पोरं. चहावाले, पाण्याचे जारवाले, खुर्च्या देणारी शाळा आणि तिचे शिपाई. आणि हो, वर्गणीची पावती फाडताना तोंड वाकडं न करणारे दुकानदार; हे थोडे आहेत, पण आहेत.

राहता राहिला फोटो. अण्णांच्या टीमचा तो काळा-पांढरा फोटो, ज्यात लेफ्ट आउट एकटाच कॅमेऱ्याकडं न बघता बॉलकडं बघतोय, गेल्या मेळाव्याच्या फ्लेक्ससाठी तालमीतून नेला तो अजून परत आलेला नाही. कुणाकडं आहे ते मला माहीत आहे. काच फुटली असली तरी चालेल, फ्रेम आम्ही नवी करून घेऊ. लीगचा पहिला सामना व्हायच्या आत आणून द्यावा. मी संध्याकाळी सात ते नऊ तालमीतच असतो.