‘शुड’ म्हणजे नक्की किती?

आमच्या वेळी मराठी मीडियमला इंग्रजी पाचवीपासून होतं. वर्गाच्या दारात उभं राहून ‘मेआयकमिन्सर’ असा एकच सलग शब्द म्हणायचा, सर मान हलवायचे, आत जायचं. त्यात ‘मे’ नावाचा वेगळा शब्द आहे हे मला बहुतेक आठवीत कळलं, जेव्हा सरांनी फळ्यावर तक्ता काढून दिला. कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे पाहिजे, शुड म्हणजे... पाहिजे. दोन्हीला पाहिजे. कोणी विचारलं नाही, मीही नाही, वहीत उतरवून घेतलं आणि परीक्षेत लिहिलं.

त्या दोन ‘पाहिजे’नी मला पुढे बरोबर गाठलं. मी टेक्निकल रायटर आहे, म्हणजे मशिनची मॅन्युअलं लिहिते (आई लोकांना सांगते, ती कॉम्प्युटरवर असते). पहिल्याच नोकरीत, पहिल्याच महिन्यात, एका बॉयलरच्या मॅन्युअलमध्ये मी लिहिलं, ‘द ऑपरेटर शुड क्लोज द व्हॉल्व बिफोर ओपनिंग द कव्हर’. माझ्या डोक्यात काय होतं, तर ऑपरेटरने व्हॉल्व बंद केला पाहिजे. जर्मनीतल्या रिव्ह्यूअरची कमेंट आली, एकच ओळ, आणि नाही केला तर? मी उत्तर दिलं, नाही केला तर वाफ तोंडावर येईल. त्याचं उत्तर, मग शुड का लिहिलंय?

मी अर्धा तास स्क्रीनकडे बघत बसले होते, खरंच.

मग शेजारच्या सीनियर ताईंनी खुर्ची सरकवली आणि समजावलं की अगं बोलताना शुड कसाही चालतो, पण स्टँडर्डच्या भाषेत त्याचं वजन ठरलेलं आहे. आयएसओच्या, म्हणजे जगभरची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेच्या, नियमात शॅल म्हणजे सक्ती, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे मुभा आणि कॅन म्हणजे नुसती शक्यता किंवा क्षमता. म्हणजे मी लिहिलं होतं ते ‘बंद केलेला बरा’ असं. बॉयलरच्या वाफेबद्दल. शेवटी आम्ही सगळंच काढून टाकलं आणि नुसतं ‘क्लोज द व्हॉल्व’ ठेवलं, कारण सूचना द्यायची असेल तर सरळ आज्ञार्थ वापरा असंही तिथेच सांगितलंय. व्हॉल्व बंद करा. संपला विषय.

विषय संपला नाही अर्थात. दोन वर्षांनी अमेरिकन क्लायंट आला आणि त्यांच्या स्टाइल गाइडमध्ये पहिल्याच पानावर, शॅल वापरू नका, मस्ट वापरा. आता आयएसओचे लोक उलट सांगतात, की शॅलच्या जागी मस्ट अजिबात लिहू नका, मस्ट हा कायद्याने वगैरे बाहेरून आलेल्या बंधनासाठी ठेवा. आणि इंटरनेटचे प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांचं तिसरंच, त्यांच्याकडे मार्च १९९७ चं स्कॉट ब्रॅडनर यांनी लिहिलेलं आरएफसी २११९ नावाचं छोटंसं टिपण आहे, त्यात मस्ट आणि शॅल दोन्ही एकच, आणि शुड म्हणजे ‘करा, नाही करायचं तर सबळ कारण पाहिजे आणि परिणाम समजून घ्या’. हे शब्द तिथे कॅपिटल अक्षरात लिहितात. मग लोकांची भांडणं सुरू झाली की स्मॉल अक्षरात मस्ट आला तर तो सक्तीचा की गप्पांमधला, तर २०१७ मध्ये आणखी एक टिपण काढून सांगावं लागलं की कॅपिटल असेल तरच तो खास अर्थ, नाहीतर साधं इंग्रजी. मला हे फार आवडतं. शब्द तोच, पण आवाज चढवला की नियम!

अमेरिकेत शॅलवर राग का, तर वकिलांनी त्याची पार वाट लावली. कुठे सक्ती, कुठे भविष्यकाळ, कुठे नुसताच भारदस्तपणा, आणि मग एकेका शॅलवरून कोर्टात खटले. तिथे दिवाणी खटल्यांचे फेडरल नियम २००७ मध्ये नव्याने लिहून काढले तेव्हा त्यातून शॅल हद्दपार केला. आपल्याकडे मात्र संविधानात शॅल ठिकठिकाणी आहे, ‘द स्टेट शॅल नॉट डिनाय’, कलम १४. हेच मराठी संविधानात वाचा, ‘नाकारणार नाही’ असं आहे. मला पहिल्यांदा वाचताना गंमत वाटली होती, इंग्रजीत ते हुकमासारखं वाटतं आणि मराठीत कोणीतरी शब्द दिल्यासारखं.

शाळेतला तो दुसरा नियम आठवतोय का, आय आणि वी ला शॅल, बाकीच्यांना विल? तो जॉन वॉलिस नावाच्या माणसाच्या १६५३ च्या व्याकरणात आहे, आणि ते व्याकरण लॅटिनमध्ये लिहिलेलं, इंग्रजी शिकू पाहणाऱ्या परक्या लोकांना डोळ्यासमोर ठेवून. म्हणजे आपल्यासारख्यांसाठीच की! इंग्रज स्वतः बोलताना ‘आय्ल’ म्हणून मोकळे होतात, त्यात शॅल की विल कोण बघतंय. शॅल उरलाय तो ‘शॅल वी?’ मध्ये, निघूया का म्हणताना.

‘ही कॅन्स’ का नाही, याचंही उत्तर शाळेत नव्हतं, अपवाद आहे म्हणायचे. कॅन, मे, शॅल ही खूप जुन्या काळी भूतकाळाची रूपं होती आणि हळूहळू वर्तमानाची झाली. इंग्रजीत भूतकाळी रूपाला तो एस लागत नाही, म्हणून यांनाही लागला नाही. कॅनचा मूळ अर्थ ‘माहीत असणे’ आणि शॅलचा ‘देणं लागणे’. हे वाचलं तेव्हा मी उडालेच, कारण आपणही ‘करावं लागतं’ म्हणतो आणि ‘देणं लागतो’ पण म्हणतो.

हे झालं कागदावरचं. बोलण्यात वेगळाच मार खाल्ला. एका कॉलवर मी म्हटलं, ‘वी कॅन सेंड इट बाय फ्रायडे’, छान स्पष्ट, कॅनवर जोर देऊन, आणि तिकडे शांतता. संध्याकाळी मॅनेजरकडे मेल, की तुमची टीम शुक्रवारी देऊ शकत नाही म्हणते. झालं असं होतं की अमेरिकन माणूस साध्या वाक्यात कॅन म्हणताना तो शब्द जवळजवळ गिळतो, ‘वी क्न सेंड’, आणि कान्टचा टी खातो, ‘वी कॅन् सेंड’. म्हणजे मी जो स्वच्छ ‘कॅन’ म्हटला तो त्यांच्या कानाला ‘कान्ट’. तेव्हापासून कॉलवर ‘येस, फ्रायडे इज फाइन’ म्हणते, कॅनच्या नादी लागत नाही.

मे तर बोलण्यात फारसा सापडतच नाही, तो निबंधात आणि शोधनिबंधात राहतो, बोलताना मेबी, माइट. मस्ट पण तसाच. जेफ्री लीच या भाषाशास्त्रज्ञांनी १९६१ चे आणि १९९१-९२ चे लेखी नमुने शेजारी ठेवून मोजलं होतं, तेव्हाच शॅल, मस्ट, मे घसरत चाललेले दिसले. बोलताना लोक ‘हॅव टू’ म्हणतात, तेही ‘हॅफ्टा’. शाळेत आपण नेमके तेच शब्द जास्त घोटले जे तिकडे रिटायर होत होते.

आणि आपला लाडका वुड! ‘आय वुड बी ऑन लीव्ह टुमारो’ असा मेल मीही टाकलेला आहे. आमच्या इंग्लंडच्या रिव्ह्यूअर बाईंनी शांतपणे विचारलं, ‘इफ...?’ कारण त्यांना ते ‘सुट्टीवर असते, जर...’ असं अर्धवट वाटलं. मला तर ते नम्र वाटत होतं. पण खरं म्हणजे नम्रतेची ती युक्ती आपल्याला पक्की माहीत आहे. ‘तुमच्याशी जरा बोलायचं होतं’ म्हणतो ना आपण? बोलायचं आत्ता असतं, ‘होतं’ कशाला? तर जरा लांब उभं राहून बोलायला. कुड आणि वुड म्हणजे तेच, कॅन आणि विलला भूतकाळात ढकलून दोन पावलं मागे घेतलेले. फक्त आपण तो विनंतीत वापरायचा सोडून सुट्टीच्या सूचनेत वापरतो.

याच बाईंची आणखी एक कमेंट असायची, ‘यू माइट वाँट टू लुक अ‍ॅट सेक्शन फोर’. मला वाटायचं बघितलं तर बघितलं, मर्जी आपली. तिसऱ्यांदा तीच कमेंट आली तेव्हा ताई म्हणाल्या, अगं त्या ओरडतायत तुझ्यावर.

पण इंग्रजांना हसताना आपला ‘नको’ विसरू नये. ‘तू यायला नको’, हे मस्टन्ट की नीडन्ट? येऊ नकोस, की यायची गरज नाही? वहिनीने फोनवर म्हटलं तर गरज नाही, रागाने म्हटलं तर पायरी चढू नकोस. इंग्रजी बिचारं दोन वेगळे शब्द तरी ठेवतं.

परवा भाची गृहपाठ घेऊन आली. ‘यू ____ स्टॉप अ‍ॅट द रेड सिग्नल’, तिने शुड लिहिलं होतं, बाईंनी लाल पेनाने मस्ट केलं आणि अर्धा मार्क कापला. मी तिला बॉयलरची गोष्ट सांगितली, शिफारस काय, सक्ती काय, सगळं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आत्या, मग माझं बरोबरच आहे ना, बाबा तर कोपऱ्यावर मामा नसले की थांबतच नाहीत.’

दादा आतून ओरडला, तिला काय काय शिकवू नकोस.