पायांनी वाचायची ओवी

आळंदीहून निघताना दिंडीच्या ट्रकमध्ये दरवर्षी तीन-चार सार्थ ज्ञानेश्वऱ्या चढतातच. सासवडपर्यंत त्या पिशवीच्या तळाशी जातात आणि पंढरपुरात तशाच कोऱ्या उतरतात. वाचणाऱ्याची श्रद्धा कमी पडते असं नाही, माप चुकतं. ग्रंथ नऊ हजारांवर ओव्यांचा. दिवसभर चालून आलेल्या माणसाला राहुटीत मिळतो जेमतेम अर्धा तास, आणि त्यात डोळा लागतोच. म्हणून आम्ही कोपरखैरणे-घणसोलीकडची मंडळी ग्रंथ देव्हाऱ्यात ठेवतो आणि वीस ओव्या घेऊन निघतो.

वीसच का? वाट साधारण अठरा-वीस दिवसांची, दिवसाला एक. त्यातल्या नऊ पसायदानाच्या. त्या सगळ्यांना येतात, आणि तीच अडचण आहे. शाळेपासून म्हणून जीभ इतकी गुळगुळीत झालेली असते की अर्थ निसटून जातो. ‘खळांची व्यंकटी सांडो’ म्हणताना निम्म्या लोकांच्या मनात दुष्टांचा नायनाट असतो. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. तो सांडायचा आहे, खळ जिवंतच राहणार आहेत. पुढे ‘भूतां परस्परें’ येतं, त्यात हे खळही आलेच. दिंडीत नळावर नंबर मोडून पुढे घुसणारा दिसला की ही ओवी आपोआप कामाला लागते.

उरलेल्या अकरा आम्ही बाराव्या आणि तेराव्या अध्यायातून काढतो. बाराव्यात भक्ताची लक्षणं आहेत, तेराव्यात अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणं, आणि अहिंसा. अहिंसा सांगताना ज्ञानदेव चक्क चालण्यावर येतात. पाऊल कसं पडावं यावर तिथे ओव्यांमागून ओव्या आहेत. त्यातली ही एक:

कां कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार ।
कुचुंबैल केसर । इया शंका ॥

केसर चुरगळेल या धास्तीनं भुंगा कमळावर पाय हलकेच ठेवतो. ‘कुचुंबैल’मधला ‘ऐ’ सुटा म्हणायचा, नाहीतर चाल अडखळते. याच ओघात पाण्याची लाट पायानं न मोडता पाऊल टाकणारा बगळाही येतो. तो बघायला पुस्तक लागत नाही. ओहोटीच्या वेळी पाम बीच रस्त्यालगत खाडीच्या कडेला उभं राहावं. बगळा पाय उचलतो, बोटं मिटतो, पाण्यात घालताना पुन्हा उघडतो, आणि तरंग उठत नाही.

ओवीची घडण बघा. तीन चरणांना यमक, चौथा आखूड. १२९० मध्ये नेवाशात हे निरूपण श्रोत्यांसमोर झालं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं, म्हणजे ओवी जन्माला आली ती तोंडातून. चालताना एका चरणाला चार पावलं पडतात, ‘इया शंका’ला दोन, आणि उरलेल्या दोन पावलांत श्वास. सोळा पावलांत एक ओवी. पावलं आपोआप आखूड होतात, टाच आपटायची थांबते. टाच आपटत चालणाऱ्याच्या नडग्या लोणंदच्या आतच धरतात. हलकं पाऊल किड्यामुंगीसाठी म्हणून सांगितलंय, पण आपल्या गुडघ्यांनाही ते मानवतं.

तयारी अक्षय्य तृतीयेपासून करावी. ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या प्रस्थानापर्यंत ५० दिवसांच्या आसपास हातात असतात. एका ओवीला दोन दिवस: पहिल्या दिवशी घरी बसून शब्दार्थ, दुसऱ्या दिवशी चालत मोठ्यानं म्हणणं. वीस ओव्या ४० दिवसांत बसतात, बाकीचे दिवस उजळणीला. नवी मुंबईकरांना नेरूळच्या तलावाकाठचा रस्ता पुरे, पण आठवड्यातून दोनदा डांबरावर चाला, कारण वारी डांबरावर आहे. ठाणेकरांनी उपवनहून येऊरची चढण धरावी. चढावर तीन चरण न धापता म्हणता आले नाहीत तर वेग जास्त होतोय असं समजा. दिवेघाटात हीच परीक्षा असते, तीही पुणे-सासवड या तीसेक किलोमीटरच्या टप्प्यात.

ओवी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर लिहा. मागे अर्थ, दोन ओळींत, आपल्या शब्दांत. पुस्तकातला अर्थ उतरवून काढला की तो दुसऱ्याचाच राहतो. बॉलपेन वापरा. शाईपेन आणि घरच्या प्रिंटरची छपाई पहिल्या सरीत ओघळते. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बंडीच्या वरच्या खिशात. चपला असलेल्या थैलीत नको, हे सांगायला नको खरं तर. मोबाइलवर वाचू म्हणणाऱ्यांची बॅटरी दुपारीच मान टाकते आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही.

ओव्या निवडताना एक पथ्य. फॉरवर्डमधून ‘माउली म्हणतात’ म्हणून आलेली ओळ घेऊ नका. अध्याय आणि ओवीक्रमांक सापडला तरच घ्या. क्रमांक प्रतीनुसार थोडे मागेपुढे होतात. पाठभेदांचा प्रश्न तर इतका जुना की एकनाथांनी १५८४ मध्येच प्रत शुद्ध केली होती.

दिंडीत मात्र कार्ड बाहेर काढायचं नाही. तिथे विणेकरी सांगेल तो अभंग आणि मृदंग देईल तो ठेका. आपली ओवी पुटपुटत राहिलं की टाळ चुकतो आणि मागची ओळ अंगावर येते. नव्या साधकांचं इथेच बिनसतं, त्यांना सगळं एकाच वेळी हवं असतं. ओवीची वेळ दोनदा: काकड्यानंतर निघण्याआधी, आणि दुपारच्या विसाव्याला, जेवल्यावर नव्हे, जेवणाआधी. शेजारच्याला विचारावं, “माउली, याचा अर्थ कसा लावता?” ज्याला अक्षरओळख बेताची आहे असा म्हातारा शेतकरी कधी कधी छापील टीकेपेक्षा नेमकं सांगतो. संध्याकाळी समाजआरतीला चोपदार दंड उंच करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. त्या शांततेत दिवसाची ओवी एकदा मनात म्हणून घ्यावी.

अठरा दिवस रजा कोणाला मिळते! दोनच दिवस असतील तर पुणे-सासवड टाळा, गर्दी आणि भोंग्यांत काही लक्षात राहत नाही. लोणंद-तरडगाव-फलटण घ्या. लोणंदला रेल्वे आहे, तरडगावचा टप्पा आठेक किलोमीटरचाच, वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण (वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावतात ते), आणि दुसऱ्या दिवशी वीसेक किलोमीटर सपाट रस्ता. दोन दिवसांना दोन ओव्या, जास्त नकोत.

तेही हुकलं तर कार्तिक वद्यात आळंदीची यात्रा असते, त्रयोदशीला समाधीचा दिवस. ठाण्याहून पहाटे निघून रात्री परत येता येतं. दर्शनबारीत चार-पाच तास सहज जातात. खिशात एक कार्ड असू द्या, आणि पाण्याची बाटली.