आयएस३८ टर्बो लावायचाय? आधी शाफ्टच्या वेगाचा विचार करा

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० आणि आरएस २४५ या गाड्या भारतात मोजक्याच आल्या, पण ज्यांच्याकडे आहेत ते सहसा विकत नाहीत. दोन्हींत फोक्सवॅगन समूहाचं २ लिटरचं ईए८८८ तिसऱ्या पिढीचं इंजिन आहे आणि त्यावर आयएस२० टर्बो (एक्झॉस्टच्या वायूंवर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप) आहे. याच इंजिनावर गोल्फ आर आणि ऑडी एस३ मध्ये कंपनी मोठा आयएस३८ लावायची. त्यामुळे आरएसवाल्यांची पहिली मोठी उडी बहुतेक वेळा आयएस३८ वरच पडते. बसतो जागच्या जागी, पाइप तेच, कनेक्टर तोच. नेमकं इथेच लोक फसतात. बसायला सोपा म्हणून सांभाळायलाही सोपा, असं धरून चालतात.

या सगळ्या लेखात एक गोष्ट डोक्यात ठेवा: टर्बोचा शाफ्ट (दोन्ही टोकांना पंख्यासारखी व्हील असलेला दांडा) मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो वेग गाडीत कुठेच मोजला जात नाही. त्याला सेन्सर नाही, ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) तो दिसत नाही. ईसीयू फक्त दाब मागतो आणि तो मिळेपर्यंत वेस्टगेट (एक्झॉस्टचे वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) बंद करत जातो. पाइप कुठे गळत असेल, फिल्टर तुंबला असेल, हवा विरळ असेल, तरी मागितलेला दाब मिळतोच. फक्त तो मिळवायला शाफ्ट जास्त वेगाने फिरतो. टर्बो मरतो तो याच न दिसणाऱ्या वेगाने. सुरुवातीच्या लॉटमधले आयएस३८ ट्यून केलेल्या गाड्यांवर शाफ्ट किंवा व्हील तुटून गेल्याची उदाहरणं जगभर आहेत. म्हणून घेताना पार्ट नंबरच्या शेवटचं अक्षर पाहून नंतरची सुधारित आवृत्तीच घ्या. मूळ उत्पादक आयएचआयचाच घ्या. हुबेहूब दिसणारी स्वस्त नक्कल बॅलन्सिंगमध्ये कमी पडते आणि एवढ्या वेगाला तिथे तडजोड चालत नाही.

महाबळेश्वरचा हिशेब

महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्याने हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) दाखवतं तो एकूण दाब, म्हणजे वातावरणाचा धरून. समजा तुमचा मॅप (ईसीयूत भरलेलं ट्यूनिंग) २,५०० मिलिबार मागतो. मुंबईत वातावरणाचा दाब १,०१३ च्या आसपास, म्हणजे टर्बो हवा सुमारे २.४७ पट दाबतो. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, दाब ९५० च्या जवळ, तिथे हाच आकडा २.६३ होतो. महाबळेश्वर १,३५० मीटरवर, दाब ८६० च्या आसपास, तिथे २.९ पट. बूस्टचा आकडा तिन्ही ठिकाणी तोच, पण शाफ्टचा वेग प्रत्येक ठिकाणी वाढलेला. शिवाय हा दाब इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरच्या) पुढे मोजलेला असतो. इंटरकूलर आणि फिल्टरमध्ये जे हरवतं ते भरून काढायचं कामही टर्बोचंच. बाहेरून मागवलेला तयार मॅप समुद्रसपाटीवरच्या गाडीवर बसवलेला असतो. ट्यूनरला पहिला प्रश्न अश्वशक्ती किती निघेल हा विचारू नका. उंचीप्रमाणे बूस्ट कमी करण्याचा तक्ता मॅपमध्ये नीट भरलाय का, हे विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर दुसरा ट्यूनर शोधा.

सोबत काय लागतं

नुसता टर्बो बदलून चालत नाही. मोठा इंटरकूलर हवाच, तो चैनीत मोडत नाही. मूळ इंटरकूलर सलग दोन-तीन जोरदार ओढींत तापतो आणि मे महिन्यात नागपूरला ४४-४५ अंशांत तो आधीच तापलेला असतो. स्पार्क प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे), एनजीकेचे, गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर. गॅप जास्त ठेवला तर जास्त बूस्टमध्ये ठिणगी विझते आणि वरच्या आरपीएमला गाडी खोकते. लोक त्याला कॉइलचा दोष समजून चार कॉइल बदलतात. टर्बोच्या तोंडाचा रुंद एल्बो स्वस्त आणि उपयोगी. डाउनपाइप (टर्बोतून निघणारा एक्झॉस्टचा पहिला पाइप) मोठा घ्या, पण कॅटलिटिक कन्व्हर्टर असलेलाच. कॅट काढलेली गाडी पीयूसीला अडकते, तिचा धूर मागच्यांना जाळतो आणि त्या बदल्यात मिळणारी अश्वशक्ती चांगल्या स्पोर्ट्स कॅटच्या तुलनेत नगण्य असते.

पेट्रोलचा भाग नीट समजून घ्या. आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. निव्वळ पेट्रोलला १ किलोमागे १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने जवळजवळ ९ टक्के जास्त इंधन. आयएस३८ आधीच जास्त हवा आणतो, त्यात हे ९ टक्के, आणि हे सगळं पुरवायचं मूळ हाय प्रेशर इंधन पंपाने. इंजेक्टरना इंधन देणाऱ्या रेलमध्ये मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांच्यात वरच्या आरपीएमला फट पडायला लागली, की समजा पंप पुरा पडत नाही. मग एक तर पंप बदला, नाही तर बूस्ट उतरवा. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० पासून निवडक शहरांत मिळतं. नॉकिंगच्या (इंधन अवेळी पेटण्याच्या) दृष्टीने उत्तमच आहे, पण सगळीकडे मिळत नाही. मॅप एक्सपी१०० वर बसवायचा आणि कोकणात जाताना वाटेत जे मिळेल ते भरायचं, हे चालणार नाही. दोन मॅप करून घ्या आणि प्रवासाला निघताना सौम्य मॅप टाका.

आता गिअरबॉक्स. आरएस २३० मध्ये सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीक्यू२५० आहे, कंपनीच्या हिशेबाने ३५० ते ४०० एनएम (न्यूटन मीटर) टॉर्क झेलणारा. आरएस २४५ मधला सात गिअरचा डीक्यू३८१ साधारण ४२० एनएमचा. आयएस३८ मनात आणलं तर यापेक्षा बराच जास्त टॉर्क देतो. त्यामुळे गिअरबॉक्सचं वेगळं ट्यून करून घ्या, आणि इंजिनच्या मॅपमध्ये ३,५०० आरपीएमच्या खालचा टॉर्क मुद्दाम आवरता ठेवायला सांगा. क्लच आणि कनेक्टिंग रॉड दोघांवरही सगळ्यात वाईट ताण तिथेच येतो. ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयवाले मला हमखास विचारतात, म्हणून स्पष्ट लिहितो: त्या गाडीत कोरड्या क्लचचा डीक्यू२०० आहे, २५० एनएमचा, आणि गाडी कंपनीतूनच २५० एनएम देते. तिथे आयएस३८ लावू नका.

बसवताना

या गाडीत टर्बो इंजिनच्या मागे, फायरवॉलच्या बाजूला असतो. हात जायला जागा कमी, म्हणून घाई करणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी देऊ नका. आदल्या रात्री सगळ्या स्टडवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. सकाळी थंड इंजिनवर बॅटरी सोडा, कुलंट काढा, एअरबॉक्स आणि हीट शील्ड काढा, मग डाउनपाइपचा क्लॅम्प, तेल आणि कुलंटच्या नळ्या, कनेक्टर आणि शेवटी हेडवरचे नट. नट, गॅस्केट, नळ्यांचे वॉशर आणि ओरिंग सगळे नवेच. जुना सेल्फ लॉकिंग नट परत लावला तर काही हजार किलोमीटरमध्ये तो सैल होऊन एक्झॉस्ट फुसफुसायला लागतो. आवळताना टॉर्क रेंच वापरा आणि आकडे कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेतले घ्या.

नवा टर्बो हातात आल्यावर शाफ्ट बोटाने हलवून बघा. आडवा थोडा खेळ असतो, तो बरोबर आहे, कारण आत तेलाची फिल्म यायची असते. पुढे-मागे खेळ जाणवता कामा नये आणि व्हील कुठेही घासता कामा नये.

तेलाच्या परतीच्या नळीवर सिलिकॉन सीलंट अजिबात लावू नका. बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही फुगलेलं असतं. तेल गुरुत्वाकर्षणाने खाली जातं, वाट अरुंद झाली की ते टर्बोत साचतं, सील ओलांडतं आणि निळा धूर सुरू होतो. मग दोष नव्या टर्बोवर येतो. जुना टर्बो तुटून गेला असेल तर इंटरकूलर धुऊन भागणार नाही, बदलाच. त्याच्या जाळीत अडकलेले ॲल्युमिनियमचे तुकडे पुढे इंजिनात जातात.

तेलाची नळी जोडण्याआधी त्या भोकात थोडं स्वच्छ इंजिन ऑइल सोडा आणि व्हील हाताने फिरवा. ऑइल आणि फिल्टर नवे घाला, सुमारे ५.७ लिटर लागतं. इंधन पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टर काढून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मध्ये विश्रांती देऊन तीन-चार वेळा. त्यानंतरच इंजिन सुरू करा आणि पाच मिनिटं ॲक्सिलरेटरला हात न लावता आयडलवर ठेवा. तेवढ्यात खाली वाकून टॉर्चने प्रत्येक सांधा बघा.

हमखास राहून जाणारं एक काम: वेस्टगेटचा ॲक्चुएटर इलेक्ट्रिक आहे. टर्बो बदलल्यावर व्हीसीडीएससारख्या सॉफ्टवेअरने त्याचं अडॅप्टेशन (झडपेची बंद-उघडी टोकं ईसीयूला शिकवणं) करावंच लागतं. नाही केलं तर झडप पूर्ण बंद झालीय की नाही हे ईसीयूला कळत नाही, आणि बूस्ट कमी असल्याचा पी०२९९ कोड येतो. त्या कोडवर लगेच नवा टर्बो मागवणारे पाहिलेत. ॲक्चुएटरच्या रॉडची लांबी आणि अडॅप्टेशन तपासायला अर्धा तास पुरतो.

लॉग वाचायला शिका

रस्त्यावर नेण्याआधी स्मोक टेस्ट (पाइपिंगमध्ये धूर भरून गळती शोधणं) करा, शक्य असेल तर पाइपिंगमध्ये १ बार दाब भरून. टर्बोतून निघणाऱ्या पाइपचं सील, थ्रॉटलजवळचा सांधा आणि डायव्हर्टर व्हॉल्व्ह या तीन जागी आधी कान लावा.

मग डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या रोलरवर) किंवा बंद ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० ते ६,५०० आरपीएमपर्यंत एक सलग ओढ आणि तिचा लॉग (सॉफ्टवेअरने टिपलेली आकड्यांची नोंद). त्यात मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, वेस्टगेटची स्थिती, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, रेलचा दाब आणि चारही सिलिंडरचं ठिणगीचं टायमिंग किती मागे ओढलं जातंय, एवढं हवं. समजा ६,००० आरपीएमला मॅपने २,४५० मागितले, मिळाले २,३००, आणि वेस्टगेट पूर्ण बंद आहे. इथे ट्यूनर म्हणेल, अजून थोडं वाढवू. वाढवू देऊ नका. पूर्ण बंद वेस्टगेट म्हणजे टर्बोकडे देण्यासारखं काही उरलेलं नाही, शाफ्ट हद्दीवर फिरतोय. आधी लीक शोधा. लीक नसेल तर वरच्या आरपीएमचं बूस्ट तिथून खाली उतरतं करा. त्याच ओढीत हवेचं तापमान ४२ अंशांवरून ६८ वर गेलं असेल, तर इंटरकूलर लहान पडतोय. एखाद्या सिलिंडरचं टायमिंग वारंवार ४ अंशांहून जास्त मागे जात असेल, तर पेट्रोल किंवा मॅप यांपैकी एक चुकतंय. सारखा तोच सिलिंडर असेल, तर प्लग काढून बघा.

हा पहिला चांगला लॉग जपून ठेवा. दर सर्व्हिसनंतर त्याच रस्त्याच्या, त्याच गिअरच्या लॉगशी ताडून पाहा. तेवढ्याच बूस्टला वेस्टगेट पूर्वीपेक्षा जास्त बंद दिसायला लागला, की कुठेतरी गळती सुरू झालीय. कानाला ती ऐकू यायला अजून दोन महिने असतात.

रोजची काळजी

कंपनीचा ऑइल बदलाचा १५,००० किलोमीटरचा हिशेब विसरा. ७,५०० किलोमीटर किंवा सहा महिने, फोक्सवॅगन ५०२ मानकाचं ५डब्ल्यू४०. प्लग २०,००० ला, डीक्यू२५० चं तेल कंपनी ६०,००० म्हणते तर तुम्ही ४०,००० ला बदला. एअर फिल्टरला तेल लावलेला कापडी प्रकार आपल्या धुळीत मला पटत नाही. कागदी घ्या, लवकर बदला. बारीक धूळ कॉम्प्रेसर व्हीलच्या कडा झिजवते. वर्षातून एकदा एल्बो काढून टॉर्चने त्या कडा पाहा. पाइपमध्ये तेलाचा हलका ओलावा चालतो, थेंब साचलेले चालत नाहीत.

डॅशबोर्डवर तेलाचं तापमान दिसतं. ते ८० अंशांच्या वर जाईपर्यंत बूस्ट मागू नका. खंडाळ्याचा घाट जोरात चढून आलात तर लगेच गाडी बंद करू नका, शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश या. गाडी बंद झाल्यावर पंप कुलंट फिरवत राहतो, तेल मात्र थांबतं, आणि तापलेल्या शाफ्टवर थांबलेलं तेल जळून कडक होतं.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, वॉरंटी जाते, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी अडचणीत आणतो. विम्याला लेखी कळवा.

काढलेला आयएस२० भंगारात देऊ नका. तेलाच्या भोकात थोडं ऑइल सोडून चारही नळ्यांची तोंडं प्लॅस्टिकच्या टोप्यांनी बंद करा, व्हीलमध्ये धूळ जाणार नाही असा बांधा आणि खोक्यावर किलोमीटर लिहून कोरड्या जागी ठेवा. गाडी विकताना बहुतेक गिऱ्हाइकं तो मागतात.