अण्णांचं ‘नको’

परवा धाकट्याचा पुण्याहून पुन्हा फोन आला. ‘अक्का, पावसाच्या आत काय ते ठरव.’ अण्णांना त्याच्याकडं न्यायचं की नाही, हे दीड वर्ष आमच्या घरात लोंबकळत पडलंय.

त्याचं म्हणणं खोटं नाही. घर सांगलीत, गावभागात, नदी हाकेच्या अंतरावर. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं. अण्णांना बोटीतून काढावं लागलं. ‘येत नाही’ म्हणत खांब धरून बसले होते, मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. तेव्हा विसरभोळेपणाची नुसती सुरुवात होती. पुढचे अकरा दिवस विश्रामबागेत आत्याकडं काढले. रोज दिवेलागणीला चपला घालून दारात उभे राहायचे, ‘चला, घरी जाऊ.’ संडास सापडायचा नाही. घरी परतलो तर सगळीकडं चिखल, वीज नाही, आणि यांनी अंधारात मागच्या दाराची कडी पहिल्या झटक्यात काढली.

चाळीस वर्षं ते हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. हरिपूरचं पेव, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा, कसं उघडायचं, विचारा. तोंड मोकळं करायचं, आतली कोंदट हवा जाऊ द्यायची, कंदील सोडून बघायचा, विझला तर माणूस उतरवायचा नाही. एक पायरी चुकत नाही. जेवलात का, हे मात्र सांगता येत नाही. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, या आजारात नवं मुरणं आधी थांबतं, जुनं आणि हाताला बसलेलं उशिरा जातं. म्हणजे पुण्याचा फ्लॅट त्यांना रोज सकाळी नवाच असणार.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. ‘डिमेन्शिया आहे म्हणून सगळेच निर्णय गेले असं धरू नका. कुठं जायचं, का जायचं, नाही गेलं तर काय होईल, एवढं त्यांना कळतंय का, ते शांतपणे विचारून बघा.’

मी विचारलं. एकोणीस दिवस, कधी सकाळी चहाला, कधी दुपारी, कॅलेंडरवर खूण करत. सतरा वेळा ‘नको’, दोनदा ‘बघू’. अर्ध्या तासानं विचारल्याचंच आठवायचं नाही, पण उत्तर तेच. धाकटा म्हणतो, ही नुसती सवय आहे. एकदा मी म्हटलं, ‘अण्णा, पाणी आलं तर?’ म्हणाले, ‘आलं की जाऊ, उतरलं की येऊ.’ गावभागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली. पण दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘मी गेलो तर तुझ्या आईला जेवायला कोण वाढणार?’ आई २०१४ ला गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ज्या नकाराच्या पोटात आई जिवंत आहे, तो मोजायचा की नाही?

मी मोजला. त्यांना तिथं का राहायचंय, ते त्यातच तर होतं.

तरीही फेब्रुवारीत रात्री तीन वाजता ते अडतीच्या दारात सापडले, हातात घराची किल्ली. अडत बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. चहावाल्यानं हाताला धरून आणून सोडलं. तेव्हापासून मी दाराला आडवी झोपते, गॅसचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवते. झोप होत नाही, चिडचिड होते, ती त्यांच्यावर निघते.

मग धाकट्याला सांगितलं: पुणे आत्ता नाही. पुलाजवळ पाणी ३० फुटांवर गेलं की, इशाऱ्याच्या ४० ची वाट न बघता, आत्याकडं. आणि असे रात्री पुन्हा बाहेर पडले, तर त्यांचं ‘नको’ डावलून पुण्याला नेईन, पण ‘घरी चाललोय’ असं खोटं सांगून नाही. तो नाराज आहे.

आता दर गुरुवारी दुपारी आम्ही आत्याकडं जातो. त्यांची खाट, पितळी तांब्या आणि आईचा फोटो तिथं नेऊन ठेवलाय. पहिले तीन गुरुवार पाचला उठून उभे राहिले. परवाही राहिले. पण त्याआधी आत शिरताना चपला काढून दाराच्या डाव्या बाजूला, भिंतीला टेकवून उभ्या केल्या, गावभागात करतात तशा.