तीन कुलपांचा डबा

गुरुवार, सालिमा, मलावी

आज इथल्या बायकांच्या बचत गटाची वर्षअखेरची वाटणी होती, म्हणजे वर्षभर डब्यात साठलेले पैसे आपसांत वाटून घेण्याचा दिवस. मी प्रशिक्षक म्हणून आले आहे खरी, पण दिवसभर बहुतेक वेळ गप्प बसून पाहत होते.

साताऱ्याकडे सहयोगिनी, म्हणजे गावोगावचे गट सांभाळणारी कार्यकर्ती म्हणून बचत गटांत वर्षं घालवली, त्यामुळे डोक्यात आपली पंचसूत्री पक्की: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी. दरमहा सगळ्यांनी सारखी रक्कम, इतिवृत्त, कर्ज रजिस्टर, आणि मग बँकेची जोडणी, म्हणजे गटाला बँकेचं कर्ज. १९९२ पासून नाबार्डने हीच वाट घालून दिली. इथे बँक नाहीच. पत्र्याचा डबा, त्याला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन निरनिराळ्या बायकांकडे. त्या तिघी पदाधिकारी नसतात. म्हणजे अध्यक्षबाईंनाही एकटीला डबा उघडता येत नाही. ही पद्धत १९९१ मध्ये नायजरमधल्या मराडी भागात केअर या संस्थेने सुरू केली, तिथून ती आफ्रिकाभर गेली.

मला सगळ्यात आवडलं ते शेअरचं. शेअर म्हणजे बचतीचा ठरलेल्या रकमेचा एक वाटा. प्रत्येक बैठकीत एकीने किमान एक आणि जास्तीत जास्त पाच शेअर घ्यायचे. पुस्तकात तेवढे शिक्के. आकडे वाचता येत नसले तरी शिक्के मोजता येतात. जानेवारी ते मार्च इथे घरातला मका संपलेला असतो, तेव्हा एकच शेअर घेतला तरी कुणी नाक मुरडत नाही. आपल्याकडे शंभराचे पन्नास करा म्हटलं की केवढी कुजबुज! (आणि मीही तेव्हा नियमावर बोट ठेवायचे, ते जाऊ दे.)

पुस्तकंसुद्धा घरी न्यायची नाहीत, डब्यातच. बैठक संपताना शिल्लक मोठ्याने सांगतात आणि सगळ्या ती लक्षात ठेवतात. पुढच्या वेळी डबा उघडण्याआधी तीच रक्कम विचारली जाते. मयत-आजारपणाचे पैसे वेगळ्या पिशवीत.

वाटणी पेरणीच्या तोंडावर ठेवली आहे, खतासाठी. उसिपा, म्हणजे तळ्यातली बारीक मासळी, वाळवून विकणारी एक बाई यंदा सगळ्यात जास्त शिक्क्यांची होती. तिने अर्ध्या पैशांचं खत आणि अर्ध्याची पोरीची फी असं तिथेच जाहीर केलं. नवऱ्याने विचारायच्या आत, असं म्हणून सगळ्या खो खो हसल्या.

एक गोष्ट मात्र खटकते. वाटणीआधी नवं कर्ज देणं थांबवतात, जुनी वसूल होतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यांत डबा सगळ्यात भरलेला असतो आणि तो एका घरात असतो. मी मोबाइल पैशांचं सुचवलं, एअरटेल मनी इथे गावोगाव चालतं. एकजण लगेच म्हणाली, ‘अमायी (म्हणजे बाई), सिम नवऱ्याच्या नावावर आहे.’ दुसरी म्हणाली, पैसे काढायला गेलं की एजंट कापून घेतो. दोन्ही बरोबर.

तेव्हा पुढच्या गुरुवारी विषय एकच: शेवटच्या महिन्यात डबा कुठे ठेवायचा, आणि वाटणी दोन टप्प्यांत करता येईल का. बँक जोडणीचे तक्ते मी मुंबईहून मोठ्या हौसेने लॅमिनेट करून आणले होते. ते इथे काढणार नाही.