ओएचएनएस पात्यांची खबरबात: चुंबक सुटल्यानंतरचं काम

मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीतून आणलेल्या ३ मिमी ओएचएनएस (तेलात कडक होणारं, हत्यारांचं पोलाद) पट्टीची सुऱ्यांची पाती अखेर कडक झाली. सगळ्या सुऱ्या भाजी-कांद्याच्याच. पहिली खेप गॅसच्या भट्टीवर चुंबक लावून केली होती, ही पीआयडी (तापमान आपोआप स्थिर ठेवणारा नियंत्रक) बसवलेल्या विजेच्या मफलमध्ये, म्हणजे बंद भट्टीत. माल एकाच पट्टीतला, त्यामुळे फरक नीट कळला.

चुंबक सुटतो, म्हणजे तापलेलं पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं, ते ७७० अंशांच्या आसपास. साध्या कार्बन पोलादाला तिथून थोडं वर नेऊन तेल दाखवलं, म्हणजे तेलात बुडवून झटकन थंड केलं, तरी भागतं. ओएचएनएस तेवढ्यावर ऐकत नाही. यात कार्बन एक टक्क्याच्या जवळपास, शिवाय मँगनीज, क्रोमियम आणि टंगस्टन. माल अनील होऊन (तापवून सावकाश थंड करून मऊ केलेला) येतो, म्हणजे बराचसा कार्बन कार्बाइडच्या (कार्बन आणि धातूच्या संयुगाच्या) बारीक गोळ्यांत अडकलेला असतो. तो सुटायला तापमान लागतं आणि वेळही. ज्वाळेत पातं दहा मिनिटं एकाच तापमानावर धरणं मला तरी अशक्य वाटतं. मागची बाजू तापेपर्यंत टोक हाताबाहेर जातं. मफलमध्ये ८०० ठेवले, पात्याचा आणि भिंतीचा रंग एक झाला तिथून दहा मिनिटं मोजली. (शेजारचे यंत्रमाग सुरू असले की व्होल्टेज पडतं आणि भट्टी चढायला रडते, म्हणून हे काम रात्रीच.)

तेल शेंगदाण्याचं. सोलापुरात त्याला काय तोटा! ओएचएनएस सावकाश थंड केलं तरी कडक होणारं पोलाद आहे, त्याला हे तेल पुरतं. १०९५ सारख्या घाईच्या, म्हणजे फार झटकन थंड करावं लागणाऱ्या, कार्बन पोलादाला मी ते वापरणार नाही. तेल ५५ अंशांवर घेतलं. कोमट तेल पातळ होतं आणि पात्याला सगळीकडून लवकर भिडतं. मे महिन्यात डबा पत्र्याखाली ठेवला तर निम्मं काम ऊनच करतं. वासावरून शेजारच्या काकूंनी भजी कधी होणार म्हणून विचारलं.

पातं बुडवताना धार खाली, हालचाल पुढे-मागे. आडवं हलवलं की वाकलंच. तरी एक किंचित वाकलं. साधारण २०० अंशांपर्यंत ते अजून मऊच असतं, म्हणून तेलातून काढल्या काढल्या जाड हातमोज्यांनी सरळ करून घेतलं. ही संधी काही सेकंदांचीच, नंतर जोर लावाल तर तुटेल.

कानशीची परीक्षा (कडक पात्यावर कानस चावत नाही, घसरते) घेताना एक लक्षात ठेवा. वरचा थर कार्बन गमावून मऊ झालेला असतो, तिथे कानस चावते आणि उगाच धस्स होतं. आधी तो थर घासून काढा, मग कानस फिरवा. माझी सरळ घसरली. सोबत तापवलेला तुकडा शिकंज्यात धरून तोडला, तर आतला दाणा करडा आणि बारीक. गॅसवरच्या तुकड्यात तो जाड साखरेसारखा चमकत होता, म्हणजे तो जास्त तापला होता.

पातं हाताला सोसेल इतकं निवल्याबरोबर टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा हलकं तापवणं): २०० अंश, दोन तास, दोनदा. घरच्या ओव्हनच्या आकड्यावर विसंबू नका. माझ्याकडे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि डायलमध्ये चांगलंच अंतर निघालं. आता ट्रेमध्ये वाळू भरून पाती तीत पुरतो, म्हणजे थर्मोस्टॅटची चढउतार पात्यापर्यंत पोचत नाही.

कडक करण्याआधी धारेला पाऊण मिलिमीटर जाडी सोडली होती. आता ती पाण्यात बुडवत बुडवत उतरवतोय, कारण बेल्टवर धार निळी पडली की टेम्परिंग गेलंच. मुठीला बाभूळ कापून ठेवली आहे. पुढची पट्टी ईएन३१ (बेअरिंगचं पोलाद) ची. कुणी मफलमध्ये केली असेल तर किती तापमानावर किती वेळ ठेवली ते कळवा.