गोठ्यातलं डुंबणं

"म्हस गेली आणि तू इलंस डुंबुक!" आई एवढंच म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

आमचं घर देवगड तालुक्यातलं, जुन्या चिऱ्याचं. मागच्या पडवीला लागून गोठा. शेवटची म्हैस विकल्यापासून तिथे नारळाची सोडणं आणि एक मोडकी सायकल. मुंबईची नोकरी संपवून परतलो तेव्हा तिथे गरम पाण्याचा टब बसवायचं मी ठरवलं. नाव आईच्या गुडघ्यांचं, हौस माझी.

गोठा निवडला ते मात्र बरं झालं. शेणमुतासाठी आजोबांनी काढलेला उतार आणि भिंतीलगतची नाली आयती मिळाली. टबात हजार लिटर पाणी, म्हणजे टनभर वजन, वर माणसं वेगळी. म्हणून टबाखाली जाळी घालून काँक्रीटचा सपाट चौथरा केला, बाकीची जमीन उतरतीच ठेवली. गवंड्याने टब भिंतीला असा नेटका चिकटवला की आम्ही सगळे खूश. मोटरीचं झाकण भिंतीकडच्या बाजूला आहे हे दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. सहा माणसं लावून टब दोन फूट पुढे ओढला.

वायरमन शहाणा भेटला. मीटरपासून वेगळी वायर, चांगलं अर्थिंग आणि वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. बटणं खोलीबाहेर, पाण्यात बसून हात पोचणारच नाही अशी. त्याच्यासमोरच मी हिशेब मांडला: हजार लिटर पाणी २७ वरून ३९ अंशांवर न्यायला साधारण १४ युनिट, तीन किलोवॉटच्या हीटरला जवळजवळ पाच तास. तो म्हणाला, "पाच तास लाईट रवली तर!"

मला वाटलं होतं, भांडण पाण्याशी असेल. ते होतं वाफेशी. कौलांखाली मी हौसेने प्लायवूडचं सिलिंग केलं होतं. पहिल्याच श्रावणात ते पापडासारखं फुगलं, खिळ्यांच्या गंजाचे ओघळ टबाच्या काठावर उतरले आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरली. एक्झॉस्ट पंखा होता, पण आमच्याकडे पावसाळ्यात बाहेरची हवाही ओलीच. एक ओल बाहेर टाकायची आणि दुसरी आत घ्यायची. जुन्या न्हाणीत हे कधी झालं नाही, कारण तिच्या भिंती कौलांपर्यंत पोचतच नाहीत. वाफ उठते, कौलांच्या फटींतून निघून जाते. (लहानपणी तिथून वाराही यायचा, तेव्हा कोणी कौतुक केलं नव्हतं.)

शेवटी प्लायवूड उतरवलं. फणसाच्या फळ्या, त्यांच्या वर वाफ अडवणारा फॉइलचा पडदा, स्टेनलेसचे स्क्रू. आणि खरा उपाय सगळ्यात साधा निघाला: टबातून उठलं की लगेच झाकण घालायचं.

तीन-चार महिन्यांनी पाणी बदलायची वेळ आली तेव्हा आई नालीशी उभी. आमच्याकडे न्हाणीमागे अळू आणि केळी असायच्याच. अंगावरून उतरलेलं पाणी कधी वाया गेलं नाही. टबाच्या पाण्यात क्लोरीन, ते अळवाला कसं सोडणार? क्लोरीन उडेपर्यंत चार दिवस झाकण काढून ठेवलं. तेवढ्यात तिने निकाल दिला. आधी न्हाणीत बंबाच्या पाण्याने आंघोळ, ते पाणी अळवाला, मग टबात. टबात अंग धुऊनच उतरायचं असतं हे मी तिला सांगणारच होतो.

आता संध्याकाळी ती जुनं लुगडं गुडघ्यावर घेऊन तासभर बसते. पहिल्या दिवशी म्हणाली, "वायच गरम कर." मी सांगितलं, चाळीसच्या वर मशीन जात नाही.

"मग बंबातली एक बादली हाड."